शेवटची शंभर पावलं : गोल्फचा शॉर्ट गेम आणि आपला आग्रा रोड

हा या भागाचा लेखी मजकूर. एसटीत नेटवर्क गेलं, हेडफोन घरी राहिला, तर वाचून काढा. बोललो तसंच ठेवलंय.

विषय ऐकून जळगाव-धुळ्याकडची निम्मी मंडळी हसणार, हे ठाऊक आहे. "भाऊ, गोल्फ? आपल्याकडं? मे महिन्यात पंचेचाळीस अंशाला गवताची काडी हिरवी राहत नाही, अन् तुम्ही गोल्फ काढलं!" गवताचा मुद्दा तुम्हीच काढलात ते बरं झालं. आजची सगळी गोष्ट गवताभोवती आणि जमिनीभोवती फिरते. जमीन कोणाकडं होती, कोणाकडं नव्हती, आणि ज्यांच्याकडं नव्हती त्यांनी या खेळातला कोणता भाग आपलासा केला, हे बघायचंय. त्या भागाला शॉर्ट गेम म्हणतात.

आधी खेळ समजून घेऊ

गोल्फच्या पूर्ण मैदानावर अठरा होल असतात. होल म्हणजे जमिनीतला खड्डा, रुंदी सव्वाचार इंच. हे माप १८९१ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या क्लबनं ठरवलं आणि आजही जगभर तेच चालतं. चेंडू लिंबाएवढा. तीनशे-चारशे यार्डांवरून सुरुवात करायची आणि कमीत कमी फटक्यांत चेंडू त्या खड्ड्यात घालायचा. एवढाच खेळ.

टीव्हीवर दिसतो तो पहिला लांब फटका. मोठी काठी, कंबरेतून फिरलेलं अंग, चेंडू आभाळात. तो लाँग गेम. होलपासून साधारण शंभर यार्डांच्या आत आल्यावर जे चालतं, तो शॉर्ट गेम. त्यात चार गोष्टी येतात. चेंडू थोडा उचलून बराच घरंगळत न्यायचा, ती चिप. उंच उडवून मऊ उतरवायचा, तो पिच. वाळूच्या खड्ड्यातून बाहेर काढायचा, तो बंकर शॉट. आणि शेवटी होलभोवतीच्या सपाट जागेवर, म्हणजे ग्रीनवर, चेंडू हळूच लोटायचा, तो पट. लहानपणी गोट्या खेळताना गलीत गोटी कशी घालायचो? ताकद शून्य, नजर सगळी. पटचं तसंच आहे.

आता एक साधा हिशोब बघा. मोठ्या मैदानाचा ठरलेला आकडा, म्हणजे पार, बहुतेक ठिकाणी ७२ असतो. हा आकडा ठरवताना दर होलवर दोन पट धरलेले असतात. अठरा दुणे छत्तीस. म्हणजे ७२ पैकी ३६ फटके, बरोबर अर्धे, जमिनीवरून लोटायचे! चारशे यार्डांचं मैदान विकत घेणाऱ्याचाही अर्धा खेळ शेवटी अंगणाएवढ्या जागेत होतो.

गवत नव्हतं, तेव्हाचं गोल्फ

गोल्फचे सगळ्यात जुने लेखी नियम १७४४ सालचे, स्कॉटलंडमधल्या लीथ गावचे. एकूण तेरा. पहिलाच नियम असा की, पुढच्या होलसाठीचा पहिला फटका आधीच्या होलपासून एका काठीच्या अंतराच्या आतून मारायचा. विचार करा, होलच्या शेजारी उभं राहून लोक जोरात काठ्या फिरवत होते, जमीन तुडवत होते. आज जे गालिच्यासारखं ग्रीन दिसतं, त्याचा तेव्हा पत्ता नव्हता. खडबडीत जमिनीवर चेंडू कसा उड्या मारतो, कुठं टप्पा टाकला की कुठं जातो, हे ओळखणं हाच खरा कसब.

हा खेळ इंग्रजांबरोबर भारतात आला. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा तो सगळ्यात जुना. मुंबईतही १८४२ साली क्लब निघाला. मग छावण्या आणि सिव्हिल लाइन्स जिथं जिथं झाल्या, तिथं तिथं साहेबानं गोल्फ नेलं.

आता आपला रस्ता धरू. मुंबई-आग्रा रोड धुळ्यातून जातो. त्यानं खाली नाशिककडं गेलात, तर दीडशेच्या आसपास किलोमीटरवर एक मैदान लागतं. नाशिकचे रिक्षावाले त्याला आजही ‘गोल्फ क्लब’ म्हणतात. तिथं आता क्रिकेट चालतं, रणजीचे सामने झालेत, सकाळी माणसं चालायला येतात. गोल्फ गेलं, नाव राहिलं. मैदानाचं अधिकृत नाव मात्र हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळी घालणारा तो कोवळा मुलगा. पुढं १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. साहेबांच्या खेळाचं नाव चालत आलेल्या जागेला साहेबावर गोळी झाडणाऱ्याचं नाव. दोन्ही नावं एकाच वेळी लोकांच्या तोंडी आहेत. मैदान कोणाचं, या प्रश्नाचं याहून नेमकं उदाहरण मला सापडलं नाही.

ब्राउन म्हणजे आपलं खळं

त्याच आग्रा रोडनं धुळ्याहून उलट दिशेला निघा. शिरपूर, सेंधवा, मग घाट चढून महू. अंतर अडीचशेच्या आसपास. महू म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचं जन्मगाव, हे तुम्हाला माहीतच आहे. ही छावणी १८१८ सालची. त्याच वर्षी पेशवाई संपली आणि खान्देशही कंपनी सरकारकडं गेला.

अशा कोरड्या मुलखात गोल्फ खेळायचं तर ग्रीनवर गवत कुठून आणणार? प्यायला पाणी नाही, तिथं हिरवळीला कोण देणार? मग तोडगा निघाला. होलभोवती गोल जागा सपाट करायची, वाळूत तेल मिसळून ती दाबून बसवायची. रंग तपकिरी, म्हणून नाव ‘ब्राउन’. भारतातल्या कितीतरी छावण्यांमध्ये आणि जिमखान्यांमध्ये हेच चालायचं. पट मारायच्या आधी लाकडी फळी ओढून रेघ साफ करायची, मग चेंडू लोटायचा.

आजोबांना विचारा, खळं कसं करायचे. जागा निवडायची, पाणी मारायचं, चोपायची, शेणानं सारवायची. गोल, टणक, सपाट. ब्राउन म्हणजे जवळपास तेच, फक्त शेणाऐवजी तेल.

आणि हे काही फक्त गरीब मुलखाचं नव्हतं, बरं का. अमेरिकेतलं पाइनहर्स्ट नंबर दोन हे जगातलं एक नावाजलेलं मैदान. तिथंही १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाळूचीच ग्रीन होती.

ब्राउनवर खेळलेल्या माणसाचा हात वेगळा तयार होतो. भोवतीची जमीन कडक असते, त्यामुळं उंच उडवलेला चेंडू टप्पा खाऊन कुठंही पळतो. म्हणून चेंडू खाली ठेवायचा, अलीकडं टप्पा टाकायचा आणि घरंगळत न्यायचा. कोरड्या जमिनीनं शिकवलेला शॉर्ट गेम तो हाच.

बॅग उचलणारा मुलगा

आता माणसांकडं येऊ. साहेब खेळायचा, पण बॅग कोण उचलायचं? कॅडी. आसपासच्या वस्तीतली, गावातली पोरं. मुंबईतल्या मोठ्या क्लबांमध्ये हिंदी माणसाला सभासद म्हणून प्रवेशच नव्हता. विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब १९१८ च्या सुमारास निघाला, तो गोरे आणि हिंदी दोघांसाठी, हीच तेव्हा बातमी होती. पण आत गेले ते राजे, शेठ, बॅरिस्टर. कॅडी आत असूनही बाहेरच राहिला. दिवसभर तो उत्तम खेळ बघायचा, वारा सांगायचा, ग्रीनचा उतार सांगायचा, कोणती काठी घ्यायची तेही सांगायचा. फक्त चेंडूला हात लावायचा नाही. पुढं बऱ्याच क्लबांनी आठवड्यातला बंदचा दिवस, बहुतेक करून सोमवार, कॅडींना खेळायला दिला. सहा दिवस ओझं, एक दिवस खेळ.

त्या सहा दिवसांत कॅडी काय करणार? काठी एखादीच, तीही कोणीतरी टाकून दिलेली. लांब फटका मारायला जागा नाही. मग शेडच्या मागं, झाडाखाली, दहा-वीस पावलांत जे जमेल ते. म्हणजे चिप आणि पट.

याचं सगळ्यात जिवंत उदाहरण मुंबईत आहे. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, १९२७ सालचा. तिथं काम करणाऱ्या कॅडींनी आपल्या वस्तीच्या गल्लीतच गोल्फ उभं केलं. बांधकामाची सळई टोकाला वाकवली की झाली काठी. चेंडू प्लास्टिकचा, कारण खरा चेंडू लागला तर पत्रा फुटेल, नाहीतर डोकं. दोन घरांमधली बोळ हे मैदान. तोमाश गुद्झोवाती या पोलिश छायाचित्रकारानं त्या खेळाचे फोटो काढले आणि ते जगभर बघितले गेले. ‘स्लम गोल्फ’ हे नाव पडलं. नाव काहीही पडो. हातभर रुंद बोळीतून, गटार चुकवून, चेंडू नेमका कुठं टाकायचा याचा जो अभ्यास होतो, तो महागड्या अकादमीत मिळणं कठीण. गल्लीत लाँग गेम शक्यच नाही. तिथं सगळा खेळ शॉर्ट गेमच.

बाहेरच्या देशातही हेच दिसतं. जीन सॅरॅझेन हा अमेरिकेतला खेळाडू. इटलीहून आलेल्या सुताराचा मुलगा, लहानपणी कॅडी. वाळूतून चेंडू काढायला त्याला जड जायचं. कारण तेव्हाच्या काठीची धार वाळूत रुतायची. त्यानं काठीच्या तळाला शिसं जोडून तो जाड केला, म्हणजे काठी वाळूत न रुतता घसरत पुढं जाईल. तीच काठी घेऊन १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली. आजची सँड वेज त्यातूनच आली. आणि स्पेनचा सेव्हे बायेस्तेरोस. शेतकऱ्याचं घर, शेजारी श्रीमंतांचा क्लब, आणि पोराच्या हातात एकच काठी, तीन नंबरचं आयर्न. समुद्राच्या वाळूवर त्या एका काठीनं तो उंच, बुटके, मऊ, सगळे फटके शिकला. १९७९ ला बाविसाव्या वर्षी ब्रिटिश ओपन जिंकला. एकूण पाच मोठ्या स्पर्धा त्याच्या नावावर आहेत. शॉर्ट गेम म्हटलं की जाणकार आजही त्याचंच नाव आधी घेतात.

महू, कोलकाता, टोकियो

आपल्याकडं परत येऊ. दिल्ली गोल्फ क्लबचा कॅडी अली शेर १९९१ ला इंडियन ओपन जिंकला. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. कोलकात्याच्या क्लबमध्ये गवत राखणाऱ्या माळ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया. अंगानं लहान, फटका लांब नाही. पण होलजवळ आला की हात असा चालायचा, की सोबतचे खेळाडू त्याच्या आडनावाची मोडतोड करून त्याला ‘चिपपटसिया’ म्हणायला लागले. त्यानं २०१६ आणि २०१७, सलग दोनदा इंडियन ओपन जिंकली.

आणि आपल्या रस्त्यावरच्या महूचा मुकेश कुमार. देशातल्या शेकडो स्पर्धा खेळला, शंभरहून जास्त जिंकल्या. आशियाई टूरवरचं पहिलं विजेतेपद मिळालं डिसेंबर २०१६ मध्ये, दिल्लीत. वय किती? एक्कावन्न! त्या टूरवर इतक्या उशिरा पहिल्यांदा जिंकलेला तोवर कोणी नव्हता. एक्कावन्नाव्या वर्षी विशीतल्या पोरांपेक्षा लांब चेंडू मारता येत नाही. पण नजर आणि हात साथ देतात.

मग येतं टोकियो ऑलिंपिक. २०२१ च्या उन्हाळ्यात तिथं भारताचे चार गोल्फर होते. त्यांतला उदयन माने पुण्याचा. पण देशाला पहाटे उठून गोल्फ बघायला लावलं ते बंगळुरूच्या अदिती अशोकनं. जागतिक क्रमवारीत दोनशेवी. मैदानातल्या सगळ्यात आखूड फटका मारणाऱ्यांपैकी एक. बॅग उचलायला आई. आणि चार दिवस ती जगातल्या पहिल्या नंबरच्या खेळाडूच्या मागं लागून राहिली, ती फक्त चिप आणि पटच्या जोरावर. ७ ऑगस्टला शेवटच्या होलवरचा पट थोडक्यात हुकला आणि एका फटक्यानं पदक गेलं. चौथी आली. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्ण आलं आणि सकाळची गोष्ट मागं पडली.

पण एक खरी गोष्ट सांगायला हवी

इथवर ऐकून वाटेल की शॉर्ट गेम जमला की सगळं जमलं. तसं नाही. डेव्ह पेल्झ नावाचे नासात काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी फटके मोजून सांगितलं की, निम्म्याहून जास्त फटके शॉर्ट गेमचे असतात, म्हणून सरावही तिथंच करा. बरीच वर्षं सगळे हेच मानत होते. मग कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांची नोंद तपासली. त्यांचा निष्कर्ष वेगळा. अव्वल खेळाडू बाकीच्यांपेक्षा पुढं असतो, त्यातला साधारण दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांच्या बाहेरच्या फटक्यांमुळं पडतो. उरलेला एक तृतीयांश शॉर्ट गेम आणि पट मिळून.

म्हणजे जमीन, चांगल्या काठ्या, लहानपणापासून शिकवणारा गुरू, खुराक, या गोष्टींचा फायदा आजही मोठा आहे. गल्लीतल्या पोराला नुसत्या हातानं तो सगळा भरून काढता येत नाही. अली शेर, चौरसिया, मुकेश कुमार यांनी काय केलं, हे या आकड्यासमोर ठेवून बघा, मग त्यांची किंमत कळते. त्यांच्या वाट्याला खेळाचा एकच भाग आला होता. तो त्यांनी इतका घोटला की दार उघडावं लागलं.

करून बघायचं असेल तर

कपाशी उपटल्यावर मोकळं पडलेलं शेत, शाळेचं मैदान, घरामागची मोकळी जागा, काहीही चालेल. काठी जुनी, एखादीच असली तरी पुरे. सात किंवा आठ नंबरचं आयर्न मिळालं तर उत्तम. वस्तीजवळ असाल तर खरा चेंडू वापरू नका, प्लास्टिकचा घ्या. खऱ्या चेंडूनं डोकं फुटतं.

पहिलं, होलकडं बघू नका, टप्प्याकडं बघा. जमिनीवर गोणपाट अंथरा आणि चेंडू त्यावरच पडला पाहिजे, एवढंच ठरवा. पुढं तो किती घरंगळतो ते मोजा. सात नंबरनं चेंडू थोडा उडतो आणि बराच पळतो. वेजनं जास्त उडतो आणि लवकर थांबतो. आपल्या जमिनीवर कोणाचं किती, हे पावलांनी मोजून वहीत किंवा मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

दुसरं, चिप मारताना मनगट ढिलं सोडू नका आणि चेंडू ‘उचलायचा’ प्रयत्न करू नका. काठीच्या तोंडाला उतार दिलेलाच असतो, उचलायचं काम तो करतो. वजन थोडं पुढच्या पायावर, काठी आधी चेंडूला लागली पाहिजे, मग मातीला. नवशिका इथंच मागं झुकतो आणि काठी जमिनीत खुपसतो.

तिसरं, पट. दिशेपेक्षा वेग आधी शिका. तीन, सहा आणि नऊ पावलांवर खुणा करा. चेंडू खुणेपाशी थांबला पाहिजे, पुढंमागं एक हात चालेल. लांबचा पट एका हाताच्या आत आला की दुसरा सोपा होतो. आणि हुकला तर खचू नका. आठ फुटांवरून जगातले अव्वल व्यावसायिकसुद्धा साधारण निम्मेच पट घालतात.

रोज वीस मिनिटं, उन्हं उतरल्यावर. दुपारी नको, आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे.

आणि एक काम आहे तुमच्यासाठी. इंग्रजांच्या काळात खान्देशातही कलेक्टर होते, सिव्हिल लाइन होती, रेल्वेचे साहेब भुसावळला होते. तुमच्या घरात पणजोबा, खापरपणजोबा कोणी जिमखान्यात, बंगल्यावर, रेल्वेच्या क्लबात कामाला असतील, तर घरच्या म्हाताऱ्या माणसांकडं चौकशी करा. साहेब काय खेळायचा, बॅग कोण धरायचं, मैदान आता कुठं आहे, तिथं काय उभं राहिलंय. फोनवर रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. क्लबांच्या वह्यांमध्ये जिंकणाऱ्यांची नावं सापडतात, कॅडींची सापडत नाहीत. ती अजून घराघरांत आहेत, तोवर विचारून घेऊ.

पुढच्या भागात भेटू. राम राम!